मागांच्या शहरात विजेची मागणी

सुरतेत वेड रोड, कतारगाम या भागांत ओडिशातून, त्यातही गंजाम जिल्ह्यातून, आलेल्या यंत्रमाग कामगारांच्या मेस आहेत. मेस म्हणजे नुसती जेवणाची जागा नव्हे, राहणंही तिथंच. लांबलचक खोली, भिंतीकडेनं अंथरुणं, खुंट्यांना लटकलेल्या पिशव्या. सकाळी सातला दिवसपाळीचा कामगार अंथरूण सोडतो आणि रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होतो. संध्याकाळी सातला हीच अदलाबदल उलट्या दिशेनं. एका माणसाच्या जागेत दोघं राहतात आणि आठवडाभर कुणाची कुणाला अडचण होत नाही. हिशेब बिघडतो तो वीज बंद असते त्या दिवशी. माग थांबतात, दोन्ही पाळ्या एकदम खोलीवर येतात, आणि मग निम्मी माणसं जिन्यात, गच्चीवर, चहाच्या टपरीवर दिवस काढतात.

वीजकंपनीच्या वहीत त्या दिवशी एक आकडा खाली आलेला दिसतो. मागणी कमी झाली, एवढीच नोंद. ती कुणाच्या झोपेतून कमी झाली, यासाठी वहीत रकाना नसतो. गेल्या शंभर वर्षांत सुरतेला वीज पुरवणाऱ्यांनी मागणीला लगाम घालायला जे जे केलं, त्याच्या तळाशी ही एकच गोष्ट सापडते: कुणाचा तरी दिवस इकडचा तिकडे हलवायचा. मात्र हलणारं माणूस दर वेळी वेगळं असतं.

विजेचा धंदा मुळातच अडचणीचा. धान्याचा व्यापारी माल वखारीत ठेवतो, दूधवाला उरलेल्या दुधाचं दही लावतो. विजेला वखार नाही. गिऱ्हाइकानं बटण दाबलं की त्याच क्षणी ती तयार व्हायला हवी. त्यामुळे कंपनीला यंत्रं घ्यावी लागतात ती सरासरी दिवसासाठी नव्हे, तर वर्षातल्या सर्वांत भुकेल्या तासासाठी. बाकीच्या तासांत ती बसून असतात, व्याज मात्र चालू असतं. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी 1892 साली हे गणित मांडलं आणि दराचे दोन भाग करा असं सुचवलं: गिऱ्हाइकासाठी किती क्षमता राखून ठेवली त्याचे वेगळे पैसे, आणि प्रत्यक्ष जाळलेल्या युनिटांचे वेगळे. ब्राइटनच्या आर्थर राइट यांनी गिऱ्हाइकाची सर्वाधिक ओढ नोंदवणारा मीटर बनवला. 1894 मध्ये शिकागोच्या सॅम्युअल इन्सल यांनी तो पाहिला आणि त्याच तत्त्वावर अमेरिकेत आपलं साम्राज्य उभं केलं. सुरतेत कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या प्रोसेस हाऊसच्या बिलावर आज ‘डिमांड चार्ज’ म्हणून जी ओळ असते, ती या घराण्यातली.

सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी 1920 सालची. त्या काळच्या कुठल्याही शहरी कंपनीचं दुखणं तिलाही होतं. वीज म्हणजे दिवे, आणि दिवे म्हणजे तिन्हीसांजेपासून रात्री निजानीज होईपर्यंतचे चार-पाच तास. दिवसभर यंत्रघराला काम नाही. म्हणजे तेव्हा मागणी आवरायची नव्हती, वाढवायची होती. तीसुद्धा नेमकी दिवसा. असं दिवसाचं गिऱ्हाईक सुरतेच्या गल्लीबोळांतच बसलेलं होतं. जरीची तार ओढणारे, ती चपटी करणारे, रेशमावर गुंडाळणारे कारागीर घरातच कारखाना चालवत. शेजारी विणकर. 1930च्या दशकात या कारखान्यांत विजेच्या मोटारी येऊ लागल्या, आणि नकली रेशमाचं स्वस्त सूत मिळू लागल्यावर हातमागाची जागा यंत्रमाग घेऊ लागला.

मराठी वाचकाला इथं इचलकरंजी आठवेल. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली तिथं पहिला यंत्रमाग आणला तो तेलाच्या इंजिनावर. इंजिन म्हटलं की त्याला जागा हवी, पट्टे हवेत, एकाच दांड्यावर बरेच माग चालवायची ऐपत हवी. विजेच्या मोटारीनं ही अट काढून टाकली. एक माग, त्याला एक छोटी मोटर, आणि भिंतीवर एक मीटर. ओसरीवर कारखाना मावू लागला. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या चारही गावांचा पुढचा इतिहास या एका सोयीतून निघालेला आहे, असं म्हणायला हरकत नाही. कापडाच्या इतिहासात मोटारीचं नाव फारसं येत नाही, हे नवलच.

मग या मागांना बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागल्या आणि वीजकंपनीला स्वप्नात दिसावं तसं गिऱ्हाईक मिळालं. दिवे संध्याकाळी लागतात, पंखे उन्हाळ्यात, पंप पीक उभं असताना. मागाला असं काही नाही. पहाटे तीन आणि दुपारी तीन, खाता (लूमच्या शेडला सुरतेत हाच शब्द) सारखाच खडखडत असतो. सपाट, न थकणारी मागणी. सुरतेचा भार रात्रीही फारसा खाली बसत नाही, त्याचं श्रेय अंथरुणाच्या त्या अदलाबदलीला द्यायला हवं.

मधल्या काळात सरकारनं एकदा घड्याळच हलवून पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत, हिंदुस्थानातली घड्याळं तासभर पुढे होती. उजेड असताना कामं उरका, दिवा उशिरा लावा, हा त्यामागचा हिशेब. युद्ध संपलं, घड्याळं मागे आली.

1 मे 1960 ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा वीज मंडळाचीही वाटणी झाली. बडोद्याला गुजरात विद्युत मंडळ, मुंबईला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. तापीवर उकाईचं धरण 1972 साली पुरं झालं. त्याच्या पायथ्याशी 75 मेगावॉटचे चार संच, मिळून 300 मेगावॉट. 1976 पासून शेजारीच कोळशावरचं केंद्र. शहराला खेटून उत्राणचं वीजकेंद्र. पाण्याच्या विजेचा गुण असा की ती मिनिटांत चालू करता येते. म्हणून ती राखून ठेवायची आणि संध्याकाळच्या चढाला सोडायची. पण धरणाचं पाणी फक्त विजेचं नसतं. कालव्याला, उसाला, शहराच्या नळाला त्यातलाच वाटा. पावसानं दगा दिला की उकाईच्या तलावाची पातळी ही बार्डोलीच्या शेतकऱ्याइतकीच सुरतेतल्या उधन्याच्या मागवाल्याचीही काळजी होते. एका स्रोतावर विसंबण्याची किंमत आपल्याकडे 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानं दाखवून दिली होती: हादरा पाटणला, आणि मुंबईचे कारखाने बंद.

तुटवड्याच्या दशकांत मंडळांच्या हाती सोपी हत्यारं दोनच होती. एक भारनियमन, म्हणजे सरळ फीडर पाडायचा. दुसरं जरा सभ्य: साप्ताहिक सुट्टी वाटून द्यायची. सगळे कारखाने रविवारी बंद राहिले तर रविवारी वीज उतू जाते आणि सोमवारी पुरत नाही. म्हणून एका भागाला सोमवार, दुसऱ्याला मंगळवार. पुण्याच्या बाजूला याचं जिवंत स्मारक आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. तिथं कामाला लागलेल्या नव्या पोराला हा दत्ताचा वार म्हणून असावा असं वाटतं; प्रत्यक्षात तो वीज मंडळानं नेमून दिलेला वार. तुटवडा सरला तरी वार राहिला. लग्नाची बोलणी, मुलांच्या शाळा, नवरा एका वारी घरी आणि बायको दुसऱ्या, सगळं त्याभोवती बसलं. गुजरातेतही ही पद्धत जुनीच, आणि ती इतिहासजमा झाली असं वाटत असतानाच मार्च 2022 च्या अखेरीस राज्यानं ती पुन्हा बाहेर काढली. कडक उन्हाळा, महाग कोळसा, शेतीला वीज हवी. कारखान्यांनी आठवड्यातून एक दिवस आळीपाळीनं बंद ठेवावं, असं कळवण्यात आलं.

भारनियमन निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारी एक कपात होती, तिची आठवण फक्त मागवाल्यांना असेल. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. पुरवठ्यापेक्षा ओढ जास्त झाली की सगळ्या जाळ्याची वारंवारता खाली येते, आणि 1990च्या दशकात ती 49 च्या खाली घसरणं नित्याचं होतं. बल्बला त्याचं काही वाटत नाही. मोटारीला वाटतं. वारंवारता 48 वर आली की मोटर चार टक्क्यांनी मंदावते. मिनिटाला 150 पिक, म्हणजे आडवे धागे, टाकणारा माग 144 टाकू लागतो. मिनिटाला सहा पिक म्हणजे काहीच नाही, असं बाहेरच्याला वाटेल. बारा तासांच्या पाळीत ते 4,320 होतात. इंचाला पन्नास पिकांचं कापड असेल तर एका मागावर दोन मीटरहून जास्त कापड विणलंच गेलं नाही. कारागिराची मजुरी मीटरवर. एकच माणूस आठ-आठ माग सांभाळतो, म्हणजे तूट आठपट. दिवे चालू, माग चालू, कुणी काही बंद केलेलं नाही, आणि तरी खिशातून पैसे गेलेले. मागणीचं असं छुपं नियमन करण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला नव्हता. ते आपोआप होत होतं.

त्याला आळा बसला 1 जुलै 2002 ला. त्या दिवशी पश्चिम विभागात, देशात सर्वांत आधी, असा दर लागू झाला की ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला वारंवारता जितकी खाली तितकी जादा किंमत मोजावी लागेल. राज्यांची मंडळं एका रात्रीत शहाणी झाली. मागणीवर अंकुश ठेवायला विनवणीपेक्षा बिल जास्त उपयोगी पडतं, हे हॉपकिन्सनना त्याच्या 110 वर्षं आधीच उमगलं होतं.

आता शेताकडे. दक्षिण गुजरातेत कालवे आहेत, त्यामुळे सुरतेच्या आसपास पंपाचा प्रश्न उत्तर गुजरातेइतका बिकट नव्हता. पण जाळं एकच. मेहसाण्याच्या खोल कूपनलिकेनं ओढलेली वीज उधन्याच्या वाट्यातून जाई. मंडळ काय करी, तर गावाला दिवसातले काही तास थ्री फेज द्यायचं आणि बाकी वेळ एक-दोन फेज; म्हणजे घरातले दिवे लागावेत, पण पंप चालू नयेत. शेतकऱ्यांनी यावर ‘टोटा’ काढला. टोटा म्हणजे कपॅसिटर लावून केलेली जुळणी, जिच्यामुळे तिसरा फेज नसतानाही पंप फिरायचा. मोटर तापायची, कधी जळायची, रोहित्र कण्हायचं, आणि गावातला बल्ब निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. आपल्याकडे महाराष्ट्रातही सिंगल फेजिंगच्या काळात हेच खेळ झाले. इंजिनिअरनं मागणी अडवायला भिंत बांधायची आणि गिऱ्हाइकानं तिला भोक पाडायचं, यात दोन्ही राज्यांचे शेतकरी तरबेज.

2003 साली सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेनं भिंत न बांधता वाटच वेगळी केली. शेतीच्या पंपांसाठी निराळा फीडर, गावातल्या घरांसाठी, शाळांसाठी, पिठाच्या गिरणीसाठी निराळा. हजार कोटींहून अधिक खर्च आला. राज्यातली सुमारे 18,000 गावं, त्यांतली बहुतेक 2006 पर्यंत जोडली गेली. गावाला चोवीस तास वीज, शेताला आठ तास, पण पूर्ण दाबाची आणि वेळापत्रकाप्रमाणे. टोट्याला जागाच उरली नाही. तुषार शहा आणि शिल्प वर्मा यांनी 2008 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या योजनेचा लेखाजोखा मांडला तेव्हा कौतुकाबरोबर एक अप्रिय बाजूही नोंदवली. कूपनलिकावाल्याचं निभावलं, पण त्याच्याकडून पाणी विकत घेणारा लहान शेतकरी आणि वाटेकरी अडचणीत आला, कारण विकायला पाणीच कमी उरलं. शिवाय आठ तास कुठले, तर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कडाक्याच्या थंडीत, विंचूकाट्यात, पहाटे दोनला बांधावर उभं राहून मंडळाची मागणी सपाट करायचं काम शेतकऱ्यानं केलं. 24 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेल्या किसान सूर्योदय योजनेत शेतीची वीज पहाटे पाच ते रात्री नऊच्या दरम्यान द्यायचं ठरलं, ते याच तक्रारीला उत्तर म्हणून. महाराष्ट्रातली सौर कृषी वाहिनी योजनाही त्याच वाटेवरची.

शहरात या काळात मालक बदलले. 1990च्या दशकाच्या अखेरीस सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी टॉरेंट समूहाकडे गेली. 2005 मध्ये गुजरात विद्युत मंडळाचे तुकडे होऊन दक्षिण गुजरात वीज कंपनीनं, म्हणजे डीजीव्हीसीएलनं, काम सुरू केलं. जुनं शहर टॉरेंटकडे, भोवताली फुगत गेलेली सुरत मुख्यतः डीजीव्हीसीएलकडे. खानदेशातून ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं येऊन लिंबायत, डिंडोलीत वसलेल्या मराठी कुटुंबांना एकाच शहरात दोन रंगांची वीजबिलं पाहायची सवय आहे.

टॉरेंट 26 जानेवारी 2007 ला भिवंडीतही आली, महावितरणची फ्रँचायझी म्हणून. भिवंडीही मागांचंच गाव. पण तिथं निम्म्याहून जास्त विजेचे पैसे वसूलच होत नव्हते. फुकटच्या विजेची मागणी कधी कमी होत नाही. मीटर बदलले, रोहित्रं वाढवली, थकबाकीदारांचे जोड तोडले, त्यावरून मोर्चे निघाले आणि अजूनही निघतात. तरी गळती कमी झाली तशी मागणीचा खरा आकार प्रथमच दिसू लागला. त्याच सुमारास, 2006 च्या उन्हाळ्यानंतर, पुण्यानं भारनियमनातून सुटायचा वेगळाच मार्ग काढला. कारखान्यांनी आपले डिझेल जनरेटर चढाच्या वेळी चालवायचे, तेवढी जाळ्यातली वीज शहराला सोडायची, आणि महिन्याला 300 युनिटांहून जास्त वापरणाऱ्या घरांनी फरकाचे पैसे भरायचे. अमेरिकेत अशा गोष्टींना 1980च्या दशकात ‘डिमांड साइड मॅनेजमेंट’ असं भारदस्त नाव मिळालं होतं. पुण्यात ती नागरिकांनी, उद्योजकांनी आणि वीज आयोगानं एकत्र बसून केलेली तडजोड होती.

5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊला मात्र मागणी स्वतःहून नाहीशी झाली. पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले आणि भार जवळपास 31 हजार मेगावॉटनं कोसळला, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. जलविद्युत केंद्रांनी चपळाईनं आपली वीज आवरती घेऊन जाळं सावरलं. सुरतेचे माग तेव्हा टाळेबंदीत आधीच गप्प होते. मालवायला उरले होते फक्त घरातले दिवे.

आता हत्यार आहे ते घड्याळाचं, पण 1942 सारखं भिंतीवरचं नव्हे, मीटरमधलं. गुजरातेत मोठ्या उच्चदाब ग्राहकांना सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळांत जादा दर आणि रात्री सवलत, असं बरीच वर्षं चाललं. केंद्राच्या जून 2023 च्या नियमांनी ते उलटंपालटं केलं: सूर्य वर असताना स्वस्त, चढाच्या वेळी महाग. दहा किलोवॉटवरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना एप्रिल 2024 पासून, बाकीच्यांना, शेतकरी वगळून, एप्रिल 2025 पासून. कालपर्यंत रात्र स्वस्त म्हणून रात्री चालणाऱ्या कारखान्याला आता दुपार खुणावते, कारण गच्च्यांवर आणि कच्छच्या वाळूत इतके सौरपट पसरलेत की भर दुपारी वीज जास्त होते.

साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर लागते, म्हणजे पाऊण किलोवॉट. बारा मागांचा खाता नऊ किलोवॉटचा. चोवीस मागांचा अठराचा. दहाची रेघ बरोबर या दोघांच्या मधून जाते. पण रेघेच्या कुठल्याही बाजूला असला तरी दोन पाळ्यांचा माग हलणार कुठे? तो चोवीस तास चालतो; संध्याकाळचे महाग तास दिवसपाळीच्या शेवटी येतात आणि रात्रपाळीच्या सुरुवातीला. काम दुपारकडे सरकवायचं तर आधी रिकामी दुपार हवी. दर बदलून फायदा होतो तो ज्याच्याकडे थांबायची सोय आहे त्याला. सुरत महानगरपालिकेकडे ती थोडीफार आहे. टाकी भरलेली असली तर पंप दोन तास थांबू शकतो. पालिकेनं तर 2003 मध्येच अंजणा इथल्या सांडपाणी केंद्रात मैल्याच्या वायूवर अर्धा मेगावॉट वीज तयार करायला घेतली होती, देशात पहिल्यांदा. मागाला टाकी नसते.

2024 च्या मे महिन्यात वडोदऱ्यात आणि सुरतेत स्मार्ट प्रीपेड मीटरवरून लोक चिडले. शिल्लक संपली की वीज जाते, पैसे भराभर कापले जातात, अशा तक्रारी. सरकारला हे मीटर बसवणं थांबवावं लागलं आणि खात्रीसाठी शेजारी जुना मीटर लावून दाखवायची तयारी करावी लागली. याच सुरतेत वर्षभर आधी, 21 मार्च 2023 ला, उत्राणच्या वायुकेंद्राचा 85 मीटर उंच शीतकरण मनोरा सुरुंग लावून पाडला गेला होता. तापीच्या पुलावर आणि आसपासच्या गच्च्यांवर बघ्यांची गर्दी झाली होती. सात सेकंदांत मनोरा गुडघ्यात मोडल्यासारखा खाली बसला, धुळीचा लोट नदीवर पसरला, आणि मोबाइल खिशात टाकून माणसं आपापल्या पाळीला गेली.